चैत्रालीचं नको

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी पाणी भरताना गॅलरीतल्या ओल्या लादीवरून सुचित्राचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. घरी येऊन खुर्चीत टेकल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, ते हाताबद्दल नव्हतं.

"उद्या चैत्रालीला केंद्रात कोण नेणार?"

भोईवाड्यातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरची ती खोली. घरात मोठी माणसं तीन. सुचित्रा, तिचा नवरा हितेंद्र घाडी आणि त्याची आई रमाबाई. रमाबाईंना गुडघ्यांमुळे जिने उतरणंच कठीण, मग साडेचार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन कुठल्या उतरणार? दोघींनी हितेंद्रकडे बघितलं.

"मी सेकंड शिफ्ट मागतो," तो म्हणाला. "सहा आठवड्यांचाच प्रश्न आहे."

चैत्राली जन्मली तेव्हा तिला श्वास घ्यायला वेळ लागला होता. मेंदूला प्राणवायू कमी पडला. त्यामुळे तिचे हातपाय ताठ राहत, मान फार वेळ धरता येत नसे, आणि बोलता येत नसे. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणत. रमाबाई शेजारणींना आपल्या मालवणीत सांगत, "चेडवाचा आंग ताठता." गेली दोन वर्षं सोमवार, बुधवार, शुक्रवार सुचित्रा तिला परळच्या एका ट्रस्टच्या केंद्रात थेरपीला नेत होती. सण असो, पाहुणे असोत, एक वार चुकवला नव्हता. हितेंद्र त्या केंद्रात एकदाच गेला होता, फॉर्मवर सही करायला.

तो वाईट बाप नव्हता. लोअर परळच्या टॉवरमध्ये लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. चैत्रालीला लागणारी पायाची स्प्लिंट, खास खुर्ची, औषधं, काहीही सांगितलं की त्याच दिवशी आणायचा. पण तिच्यासमोर बसून राहणं त्याला जमत नसे. पाच मिनिटं बसला की उठायचा, पंख्याचा आवाज येतोय का बघायचा, नाहीतर गॅलरीत जाऊन उभा राहायचा. सुचित्रा केंद्रातलं काही सांगायला लागली की म्हणायचा, "बरं आहे, बरं आहे," आणि मोबाइल हातात घ्यायचा.

बुधवारी साडेदहाला तो चैत्रालीला कडेवर घेऊन निघाला तेव्हा रमाबाई दारापर्यंत आल्या.

"बाबू, चेडवाक ऊन लागता. डोक्यार टॉवेल घाल. आणि मानेखाली हात ठेव रे."

"माहितीये आई."

त्याला माहीत नव्हतं. हिंदमातापर्यंत येईस्तोवर मुलगी तीनदा त्याच्या हातातून मागे वाकली. सुचित्रा तिला कंबरेवर कशी बसवते, पाय कसे दोन्हीकडे घेते, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. केंद्रात पोचला तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजला होता आणि चैत्राली रडकुंडीला आली होती.

व्यायाम घ्यायचे सौमित्र सर. पस्तिशीतला शांत माणूस. त्यांनी चैत्रालीला गादीवर पालथं झोपवलं, छातीखाली गोल लोड सरकवला आणि समोर आरसा ठेवला. तिने मान वर उचलून आरशात बघायचं, एवढाच व्यायाम. चैत्रालीने मान दोन बोटं उचलली, खाली टाकली, परत उचलली आणि मग भोकाड पसरलं. हितेंद्र ताडकन उठला.

"उचलू नका," सर म्हणाले.

"दुखतंय तिला."

"दुखत नाहीये. दुखतं तेव्हा ती वेगळी रडते, आईला विचारा. हा राग आहे. कालपर्यंत आई समोर बसायची, आज तुम्ही बसलाय. तिला हे पटलेलं नाही."

हितेंद्र खाली बसला. चैत्रालीला भूक लागते, झोप येते, ताप येतो, हे तो जाणून होता. तिला एखादी गोष्ट पटत नाही, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात नम्रता मॅडमनी त्याला आत बोलावलं. त्या वाचा-उपचार करायच्या. छोटीशी खोली, एक टेबल, टेबलाला लावलेली चैत्रालीची खुर्ची. मॅडमनी दोन्ही हातांत दोन चित्रं धरली, एक चेंडू, एक ढोलकी.

"चैत्राली, ढोलकी कुठाय?"

चैत्रालीची मान डुगडुगली, हात ताठ झाले, तोंडातून लाळ आली. पण डोळे हळूहळू डावीकडे वळले आणि ढोलकीवर थांबले.

"शाब्बास!"

हितेंद्रने दोन्ही चित्रांकडे बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पण ती तशी नेहमी डावीकडेच बघते."

नम्रता मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चित्रांची अदलाबदल केली आणि पुन्हा विचारलं. डोळे उजवीकडे गेले. मग कप आणि चप्पल. मग केळं आणि छत्री. दर वेळी बाजू बदलत. दहा वेळा विचारलं, नऊ वेळा बरोबर. दहाव्यांदा ती दमून डोळे मिटून बसली.

"आता तुम्ही विचारा."

त्याने विचारलं नाही. त्याने भलतंच विचारलं. "म्हणजे आपण बोलतो ते तिला कळतं?"

"कळतं. तिच्या वयाच्या मुलांना कळतं तेवढं, जवळजवळ. घरातलं तर जरा जास्तच कळत असेल. ती दिवसभर ऐकतेच ना? दुसरं काय करणार?"

हितेंद्रला एकदम दिवाळी आठवली.

तेव्हा त्याचा धाकटा भाऊ स्वप्नील आला होता. जेवणं झाल्यावर दोघं खोलीतच बोलत बसले होते. चैत्राली त्यांच्या पायाशी चटईवर होती. स्वप्नीलने विचारलं होतं, "दादा, पुढे काय रे हिचं?" आणि हितेंद्र म्हणाला होता, "आम्ही आहोत तोवर ठीक आहे. नंतर कोण बघणार? देवाने आमच्या आधी हिला सोडवावं, एवढंच मागतो मी." हळू आवाजातसुद्धा नाही. फराळाचं ताट पुढे करत करत. स्वप्नील म्हणाला होता, "असं बोलू नको रे, तिच्यासमोर." आणि तो म्हणाला होता, "हिला काय कळतंय?"

त्या दिवशी तो केंद्रातून घरी आला, चैत्रालीला सुचित्राजवळ दिलं आणि न जेवता कामावर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रमाबाई शेजारच्या बिऱ्हाडात गेल्या आणि चैत्राली झोपलेली होती, तेव्हा त्याने सुचित्राला सांगितलं.

"तिला सगळं कळतं, तुला माहीत होतं?"

सुचित्रा डाव्या हाताने मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "दीड वर्ष झालं. मी तुम्हाला सांगितलं होतं त्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, प्रत्येक आईला असंच वाटतं."

त्याला आठवलं.

"दिवाळीत मी स्वप्नीलला काय म्हणालो..."

"ऐकलं मी. ओट्यापाशीच होते."

"मग बोलली का नाहीस?"

आता तिचा हात थांबला. "काय बोलू? मी पण तेच मागितलंय. एकदा नाही, खूपदा. देवळात उभी राहून. फरक एवढाच, की मी तिच्यासमोर नाही बोलले."

त्याने मेथीची जुडी स्वतःकडे ओढली. मग त्याने विचारलं, "त्या वेळी ती रडली का गं? काय केलं तिने?"

सुचित्राने आठवून बघितलं. "मला नाही माहीत. तुम्ही बोललात तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते."

स्वप्नील ताटाकडे बघत होता. हितेंद्र स्वप्नीलकडे. मुलीकडे तेव्हा कोणीच बघितलं नव्हतं.

शुक्रवारी व्यायाम संपल्यावर तो नम्रता मॅडमच्या दाराशी घुटमळला. शेवटी आत जाऊन त्याने सगळं सांगितलं, वाक्य जसंच्या तसं. चैत्राली बाहेर सौमित्र सरांकडे होती. 

"तिला आठवत असेल का?" त्याने विचारलं.

"मला सांगता यायचं नाही. असेलही, नसेलही. मी खोटा दिलासा देणार नाही तुम्हाला."

"मग मी काय करू?"

"तिच्याशी बोला. तुम्ही तिला उचलता, भरवता, कपडे बदलता. आई सांगत होती, बाबा मनापासून खूप करतात. पण बोलता का?"

त्यांनी कपाटातून दोन कार्डं काढली. हिरव्यावर हसरा चेहरा आणि खाली "हो". लालवर फुली आणि खाली "नको". "हे आम्ही या महिन्यातच सुरू केलंय. घरी वापरा. पण एक अट आहे. ती नको म्हणाली तर ऐकायचं. ऐकणार नसाल तर विचारायचंच नाही."

शनिवारी दुपारी सुचित्रा तिच्या मावशीकडे शीवला गेली होती आणि रमाबाई आडव्या झाल्या होत्या. हितेंद्र चैत्रालीच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला. काय बोलायचं ते त्याने सकाळपासून दहा वेळा जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"चैतू, दिवाळीत काका आला होता ना," तो म्हणाला, "तेव्हा बाबा एक वाईट बोलला. तू गेलीस तर बरं, असं बोलला. ते खरं नाही. बाबाला भीती वाटत होती. तू इथेच राहायचंस. आमच्याजवळ. बाबा चुकला."

चैत्राली त्याच्याकडे बघत होती. नेहमीसारखीच, की वेगळी, हे त्याला सांगता येईना. आपण या मुलीचा चेहरा कधी वाचायला शिकलोच नाही, हे त्याला तेव्हा नीट समजलं.

त्याने दोन्ही कार्डं वर धरली. "बाबा इथे तुझ्याजवळ बसू?"

डोळे हलले. लाल कार्डावर थांबले.

त्याने हात बदलले, लाल डावीकडे, हिरवं उजवीकडे. पुन्हा विचारलं. डोळे पुन्हा लालवर आले आणि तिथेच राहिले.

"बरं," हितेंद्र म्हणाला. तो उठला, गॅलरीत गेला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. समोरच्या चाळीतली बाई वाळत घातलेले कपडे काढत होती. तिने विचारलं, "काय हो, बरं नाही का?" तो म्हणाला, "नाही, ठीक आहे."

त्यानंतर तो रोज विचारायचा. सकाळी एकदा, कामावर जाण्याआधी एकदा. नको. नको. रविवारी नको, सोमवारी नको. बुधवारी त्याने नम्रता मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ती मलाही नको म्हणतेय. गाण्याला नको, चित्रांना नको, टोपीला नको. नवा शब्द मिळालाय तिला. आत्तापर्यंत कोणाला नको म्हणायची सोयच नव्हती."

"म्हणजे माझ्यावर रागावली नाहीये?"

"तेही असेल. दोन्ही असू शकतं."

नव्या शब्दाचं खरंच होतं. घरी तिने साखर घातलेल्या मऊ भाताला नको म्हटलं. तीन वर्षं रोज दुपारी तिला तोच भात दिला जात होता. सुचित्राने दोन वाट्या समोर ठेवल्या, एकीत साखरभात, दुसरीत माशाच्या आमटीत कालवलेला. डोळे आमटीवर. बाजू बदलल्या तरी आमटीवर. सुचित्रा वाटी धरून तशीच बसून राहिली. "तीन वर्षं," ती म्हणाली. "तीन वर्षं मी तिच्या तोंडात कोंबत होते." रमाबाई मात्र खुशीत आल्या. "घाडींचा चेडू ता! साखर कित्याक खायत?" मग त्यांनी स्वतः काटे काढून, आमटी फिकी करून, तिला ताठ बसवून एक एक चमचा भरवला.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, हितेंद्र कामाचे बूट घालून दाराशी उभा होता. सवयीने कार्डं वर धरली. "बसू?"

डोळे हिरव्यावर.

त्याने हात बदलले. हिरव्यावरच. त्याने बूट काढले नाहीत, तसाच खाली बसला. पाऊण तास बसला. काही विशेष घडलं नाही. तो तिला कामावरचं सांगत होता, चौतिसाव्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टचं, आत कुत्र्याला घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याचं. त्या दिवशी तो कामावर उशिरा पोचला आणि साहेबाची बोलणी खाल्ली.

प्लास्टर निघालं तरी त्याने सेकंड शिफ्ट सोडली नाही. सोमवार, शुक्रवार तो न्यायचा, बुधवारी सुचित्रा. चैत्रालीला कंबरेवर कसं घ्यायचं, घोटा हळूहळू कसा ताणायचा, हे सगळं तो शिकला. जूनपर्यंत तिची मान बरीच स्थिरावली. पट्टे लावलेल्या उभ्या चौकटीत ती वीस मिनिटं उभी राहू लागली. एकदा त्याने सौमित्र सरांना विचारलंच, "चालेल का?"

सर म्हणाले, "घरात, आधाराने, चार पावलं कदाचित. रस्त्यावर एकटी नाही. उभं राहिल्याने तिची हाडं चांगली राहतील, पोट साफ होईल, छाती मोकळी राहील. ते कमी नाही. पण तुम्ही चालण्याची वाट बघत बसलात तर बाकीचं दिसायचं नाही."

तो मान हलवून बाहेर आला आणि जिन्यावर थोडा वेळ थांबला. मग चैत्रालीला घेऊन घरी गेला.

ऑगस्टमध्ये तिला सर्दी झाली, चौथ्या दिवशी छाती भरली. मोठ्या हॉस्पिटलात दाखल करावं लागलं. न्यूमोनिया. पहिल्या दिवशी लावलेली सलाईनची सुई तिसऱ्या दिवशी सकाळी निघाली आणि नवी लावायला नर्स आल्या. चैत्रालीच्या दोन्ही हातांवर आधीच निळे डाग होते. सुई बघून तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं. कार्डं उशीपाशी होती. हितेंद्रने ती उचलली नाहीत, पण तिने डोळ्यांनी ती शोधली, लाल कार्डावर नजर रोवली, मग बापाकडे बघितलं, मग पुन्हा कार्डाकडे.

नर्स थांबल्या. "काय झालं?"

"ती नको म्हणतेय," हितेंद्र म्हणाला.

"औषध तर द्यायलाच हवं हो."

"हो. माहितीये." तो वाकला, तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं. "चैतू, तू नको म्हणालीस. बाबाने ऐकलं. मला कळलं. पण या वेळी तुझं नको चालणार नाही. औषध गेलं नाही तर तू बरी होणार नाहीस, आणि तू मला हवी आहेस. मी तुझा हात धरतो. तू माझ्यावर रागाव."

सुई दुसऱ्या प्रयत्नात लागली. चैत्राली ओरडली, मग नुसतीच कण्हत राहिली. हितेंद्रने हात सोडला नाही. सुचित्रा पायांशी उभी होती, तिने तोंडावर ओढणी दाबली होती.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी चैत्रालीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो खाटेच्या या बाजूला आला की डोळे त्या बाजूला. तो बाजू बदलायचा नाही. जिथे होता तिथे स्टुलावर बसून राहायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी सुचित्रा तिला पाणी पाजत होती. तेव्हा चैत्रालीने चमच्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि बघत राहिली. सुचित्राने काही न बोलता चमचा त्याच्या हातात दिला.

नऊ दिवसांनी घरी सोडलं. मुलगी अर्धी झाली होती. मान पुन्हा छातीवर पडायला लागली. सहा महिन्यांत कमावलेलं जवळजवळ सगळं गेलं, असं सुचित्राला वाटलं. ती चिडून एकदा म्हणाली, "परत पहिल्यापासून?" हितेंद्र म्हणाला, "पहिल्यापासून नाही गं. तेव्हा मी नव्हतो."

सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली. त्या दिवशी तिघं मिळून गेले. सौमित्र सरांनी तिचे पाय तपासले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आज नुसतं बसवूया हवं तर. घाई नाही." मग त्यांनी तिलाच विचारलं. एका हातात खुर्चीचं चित्र, दुसऱ्यात उभ्या चौकटीचं.

तिला वेळ लागला. मान पडायची, सुचित्रा हनुवटीखाली बोटं धरायची. शेवटी डोळे चौकटीवर गेले.

हितेंद्रने तिला उचलून चौकटीत ठेवलं. सरांनी गुडघ्यांचे पट्टे बांधले, मग कंबरेचा, मग छातीचा. तिचे पाय थरथरत होते. सुचित्रा समोर आरसा धरून बसली. केंद्रात शेजारच्या गादीवर दुसरं एक मूल रडत होतं, कुठेतरी चेंडू उसळत होता. सरांनी घड्याळ बघितलं.

चार मिनिटांनी तिने डोळे मिटले. सरांनी पट्टे सोडले. "चार," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं.

हितेंद्रने तिला कंबरेवर घेतलं, पाय दोन्हीकडे, एक हात मानेखाली. ती दमून त्याच्या खांद्यावर टेकली होती. लाळेने त्याचा शर्ट ओला होत होता. सुचित्राने पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता सरांना विचारलं, "बुधवारी अकरालाच ना?"

"अकरालाच."